अ‍ॅव्रोला निरोप ठीक, पण एएन-३२ चं काय?

कुणीतरी विचारलंय की हवाई दलाचं जुनं वाहतूक विमान अ‍ॅव्रो अजून उडतंय, मग त्याच्या जागी येणाऱ्या नव्या सी-२९५ वर एवढा खर्च कशाला. मला अ‍ॅव्रोचा लळा आहे. लोहगावजवळ राहायचो तेव्हा डार्ट इंजिनांची ती कर्कश शिट्टी ऐकली की सगळी पोरं गच्चीत धावायची. कानपूरला बांधलेलं हे विमान १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालं. पण माया बाजूला ठेवून बोलायचं तर मूळचं ते प्रवासी विमान. बहुतेक अ‍ॅव्रोंना मागे रॅम्प नाही, सामान बाजूच्या दारातून चढवा. सी-२९५ चा रॅम्प उघडला की जीप थेट आत, आणि छत्रीधारी जवान मागूनच उड्या मारतात. तेव्हा २०२१ मध्ये ५६ विमानांचा करार झाला ते योग्यच झालं. त्यातली ४० वडोदऱ्यात बनणार, हेही महत्त्वाचं.

माझा जीव अडकतो तो एएन-३२ मध्ये, म्हणजे हवाई दलाच्या युक्रेनमध्ये बनलेल्या दुसऱ्या जुन्या वाहतूक विमानात. इंजिनं पंखांच्या वर, म्हणजे कच्च्या धावपट्टीवरचे दगडधोंडे पंख्यांपर्यंत सहसा पोचत नाहीत. लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीच्या धावपट्टीवर, १६,००० फुटांवर, २००८ मध्ये हेच उतरलं होतं. मात्र २०१४ नंतर युक्रेनमधून सुटे भाग मिळणं अवघड झालं, आणि २०१६ व २०१९ चे अपघात विसरता येत नाहीत. म्हणून बदली विमान हवंच, पण ते आधी लडाखच्या विरळ हवेत भरल्या वजनानिशी उतरवून दाखवा. मग जुनं काढा.