शब्दचर्चा : ‘हॉस्पिस’ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरवाला :
कॅन्सरच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी एक छोटी माहितीपुस्तिका मराठीत करतोय आणि ‘हॉस्पिस’पाशी अडलोय. म्हणजे आजार बरा होणार नाही अशा रुग्णाचा शेवटचा काळ कमी वेदनेत जावा म्हणून असलेली सेवा किंवा जागा. हाताशी आलेल्या कच्च्या मसुद्यात ‘मरणासन्नगृह’ असं लिहिलंय. तो शब्द वाचून कोण तिथे पाऊल टाकेल? ‘पॅलिएटिव्ह’चंही (आजार बरा न करता त्रास कमी करणारे उपचार) तेच. जाणकारांनी सुचवावं.

जुनीपोथी :
मूळ लॅटिन ‘हॉस्पेस’. पाहुणा आणि यजमान, दोन्ही त्याच एका शब्दात. हॉस्पिटल, हॉटेल ही त्याचीच भावंडं. मध्ययुगीन युरोपात यात्रेकरूंना मुक्काम देणाऱ्या जागांना हॉस्पिस म्हणत. आजचा अर्थ रुळला तो मुख्यतः सिसिली साँडर्स यांच्यामुळे. बाई आधी परिचारिका, मग वैद्यकीय समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी दक्षिण लंडनमध्ये सिडनहॅमला ‘सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस’ सुरू केलं. सेंट ख्रिस्तोफर हा प्रवाशांचा संत, म्हणजे वाटसरूंचा धागा त्यांनी सोडला नाही. तेव्हा ‘धर्मशाळा’ अगदीच वावगं नाही.

परळकर :
धर्मशाळा नको हो. टाटा रुग्णालयात आलेली कितीतरी कुटुंबं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. तिथले लोक बरं व्हायला आलेले असतात. ‘आता धर्मशाळेत न्या’ असं डॉक्टर म्हणाले तर नातेवाईक सरळ दादरची वाट धरतील.

जुनीपोथी :
मान्य, मागे घेतला. ‘पॅलिएटिव्ह’विषयी सांगतो. ‘पॅलियम’ म्हणजे अंगावरचा झगा, त्यावरून दुखणं झाकणारा, सौम्य करणारा तो पॅलिएटिव्ह. उपचाराला हे नाव कॅनडात मिळालं. माँट्रियलचे डॉ. बाल्फोर माउंट यांना १९७० च्या दशकात असा विभाग काढायचा होता, पण फ्रेंच लोकांच्या कानाला ‘हॉस्पिस’ म्हणजे निराधारांचा आश्रम. म्हणून दुसरा शब्द शोधला. तुमची अडचण तीच आहे. फक्त ‘पांघरूण’ या शब्दाच्या वाटेला जाऊ नका, मराठीत पांघरूण घालतात ते भानगडींवर!

वैद्यबुवा :
आयुर्वेदात नेमका शब्द आहे : याप्य. साध्य आणि असाध्य यांच्या मधला रोग. मुळातून जात नाही, पण उपचार चालू असेपर्यंत माणूस तगून राहतो. सुश्रुताने पडू घातलेल्या घराला नीट बसवलेल्या टेकूची उपमा दिली आहे.

भाषांतरवाला :
वैद्यबुवा, शब्द सुरेख आहे, पण पुस्तिकेत ‘याप्य’ लिहिलं तर छपाईची चूक समजून कुणीतरी ‘व्याप्य’ करून टाकेल.

निवृत्त_परिचारिका :
मी वॉर्डात आणि नंतर घरोघरी जाऊन हेच काम केलं आहे, म्हणून थोडं लांबलं तर चालवून घ्या. मराठी डॉक्टर या वेळी एक वाक्य हमखास बोलतात : ‘आता घरी न्या, सेवा करा.’ शब्द बरोबर आहे, पण त्याचा ऐकू येणारा अर्थ ‘आमचं काम संपलं’ असा असतो. सेवा म्हणजे नक्की काय करायचं, ते कुणी सांगत नाही. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, तोंड कोरडं पडलं तर ओल्या कापसाने कसं पुसायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय पाहायचं, रात्री दुखणं उसळलं तर कुठला डोस द्यायचा? हॉस्पिस म्हणजे हे शिकवणारी माणसं. त्यासाठी इमारत लागतेच असं नाही, घरी येणारं पथकही हॉस्पिसच.

बोलण्यातले दोन शब्द पुस्तिकेत नक्की घ्या. एक, ‘अन्नपाणी सोडलं’. ऐकताना वाटतं रुग्णाने हट्टाने सोडलं. मग सून चमचा घेऊन मागे लागते आणि पुढे वर्षानुवर्षं ‘उपाशी गेले हो’ म्हणून स्वतःला खात राहते. खरं तर शेवटी शरीराची भूकच मावळते. बळजबरीने भरवलं तर ठसका लागतो. दुसरा शब्द ‘घरघर’. आपण साखर कारखान्यालाही घरघर लावतो, त्यामुळे प्रत्यक्ष ऐकू आली की घरचे हादरतात. गिळण्याची ताकद गेल्यामुळे घशात स्राव साचतो, त्याचा तो आवाज. बहुतेक वेळा रुग्णाला त्याचा त्रास जाणवत नाही. कुशीवर वळवलं की आवाज कमी होतो.

आणि मॉर्फिन, तीव्र वेदनेवरचं अफूपासून केलेलं औषध. ‘मॉर्फिन लावलं’ म्हणजे संपलं, असं समजू नका. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत ते महिनोन्‌महिने घेणारे, उठून बसणारे रुग्ण मी पाहिलेत. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ते मिळणं फार जिकिरीचं झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सैल झाले, भीती मात्र तिथेच आहे.

परळकर :
ताई, वाचून ठेवलं. एक शंका. आमच्याकडे काहींना हे सगळं इच्छामरण वाटतं.

निवृत्त_परिचारिका :
अजिबात नाही, दादा. मरण लवकर आणायचं नाही आणि ओढूनताणून पुढेही ढकलायचं नाही, हे यातलं मूळ सूत्र. व्हेंटिलेटर नको वगैरे आधी लिहून ठेवण्याची सोय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केली आणि २०२३ मध्ये तिची पद्धत सुटसुटीत केली. तो वेगळा विषय आहे.

गोंयकार :
नावाचं म्हणाल तर वांद्र्याला १९८६ मध्ये देशातलं पहिलं हॉस्पिस निघालं, त्याचं नाव ‘शांती अवेदना’. आमच्या गोव्यात लोटलीलाही त्यांची शाखा आहे. अवेदना म्हणजे वेदना नसणं. नावात मरण कुठेच नाही.

जुनीपोथी :
मग ‘शुश्रूषा’ घ्या की! संस्कृतात मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’. गुरूचं ऐकणं, त्यावरून आज्ञेत राहणं, त्यावरून सेवा. ‘अंतकाळची शुश्रूषा’ कसं वाटतं?

भाषांतरवाला :
‘शुश्रूषा’ हवं, ‘अंतकाळ’ नको. ‘वेदनामुक्त शुश्रूषा’ हा मथळा ठेवतो, आणि आत पहिल्यांदा येईल तिथे ‘हॉस्पिस’ देवनागरीत, कारण फोनवर विचारताना लोकांना तोच शब्द लागणार. ‘पॅलिएटिव्ह’ला ‘उपशामक’ चालून जाईल. ताईंचं अन्नपाणी आणि घरघर जवळजवळ जसंच्या तसं घेतोय, हरकत नसावी.

आता पुढचं. रुग्णाचं सगळं बघणाऱ्या घरच्या माणसाला काय म्हणायचं? ‘काळजीवाहू’ लिहिलं होतं.

परळकर :
काळजीवाहू म्हटलं की राजीनामा दिलेला मुख्यमंत्रीच डोळ्यांसमोर येतो.

निवृत्त_परिचारिका :
वॉर्डात आम्ही नुसतं विचारायचो, ‘सोबतीला कोण आहे?’ तेच लिहा, ‘सोबतीला असणाऱ्यांसाठी’.