उत्तर: चौकशी अहवाल, लॉकडाउन आणि आपले आई-वडील

प्रेषक: प्रशांत
रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

मंडळी, नमस्कार.

काल पाडव्याच्या फराळाला इथल्या, ऑस्ट्रेलियातल्या, कोविड निर्बंधांवरून अनघाताईंशी बोलताना माझा आवाज चढला, त्याबद्दल त्यांची माफी मागतो. म्हणणं मात्र मागे घेत नाही, म्हणून शांतपणे लिहितो.

इथल्या केंद्र सरकारच्या कोविड चौकशीचा अहवाल २९ ऑक्टोबरला आला. लोकांचा सरकारवरचा विश्वास कमी झालाय, पुढच्या साथीत ते असे निर्बंध पाळतीलच असं नाही, हे त्यात स्पष्ट आहे. राज्यांनी आपापल्या अखत्यारीत घेतलेले निर्णय चौकशीच्या कक्षेबाहेर होते. त्यामुळे मेलबर्नचे सगळे मिळून २६२ दिवस, पाच किलोमीटरची हद्द, रात्रीची संचारबंदी, हे बाजूलाच राहिलं. पण माझा राग आपल्या व्हिक्टोरिया राज्याचे तेव्हाचे प्रमुख डॅन अँड्र्यूज यांच्यावर नाहीच. तो तेव्हाचा पंतप्रधान स्कॉट मॉरिसनवर आहे.

मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाली. नागरिक, पीआर (कायमचे रहिवासी) आणि त्यांची ‘इमिजिएट फॅमिली’ एवढ्यांनाच आत येता येत होतं. त्यात नवरा-बायको होते, मुलं होती. आई-वडील नव्हते. सप्टेंबरमध्ये बायकोचे दिवस भरत आले तेव्हा आईसाठी आम्ही सवलतीचा अर्ज केला. डॉक्टरांची चिठ्ठी, माझा जन्मदाखला, त्याचं भाषांतर, सगळं जोडलं. नकार आला. जानेवारीत पुन्हा अर्ज, पुन्हा नकार. आईची बॅग ऑगस्टपासून भरलेली होती: दुपटी, टोपडी, झबली, बाळंतशेपा, ओवा. एप्रिल २०२१ च्या शेवटी साताऱ्यात आई कोविडने गेली. पुढच्या वर्षी मी गेलो तेव्हा बॅग कपाटावर तशीच होती. शेपा-ओवा तिथेच काढून ठेवले आणि दुपटी आणली. तोवर लेक चालायला लागली होती.

आई गेली त्याच आठवड्यात, २७ एप्रिलला, सरकारने भारतातून येणारी विमानं थांबवली. ३ मेपासून नियम असा की मागच्या चौदा दिवसांत भारतात राहिलेला माणूस इथे उतरला, तर तो नागरिक असला तरी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड. नऊ हजारांच्या आसपास ऑस्ट्रेलियन तेव्हा भारतात अडकले होते. ब्रिटन-अमेरिकेत साथ भडकली तेव्हा तिथून घरी परतणाऱ्यांना कुणी तुरुंगाची भीती घातली नव्हती. हे मी विसरणार नाही.

प्रशांत

प्रेषक: अनघा
रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

प्रशांत, माफी कसली मागतोस. बॅगेचं मला माहीत नव्हतं रे.

मीही काल नीट बोलले नाही. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये मी एका वृद्धाश्रमात नर्स होते. ५ ऑगस्टला व्हिक्टोरियात एका दिवसात ७२५ रुग्ण सापडले. आमचा अर्धा स्टाफ विलगीकरणात. एका आजींची मुलगी रोज खिडकीबाहेर काचेला हात लावून उभी राहायची, आणि मी आतून आजींचा हात उचलून तिच्या हातासमोर टेकवायचे. चार दिवस असं केलं. पाचव्या दिवशी ती आली तेव्हा त्या पलंगावर नवी चादर होती.

त्या वर्षी देशभरात नऊशेच्या आसपास माणसं कोविडने गेली. त्यांतली आठशेहून जास्त एकट्या व्हिक्टोरियातली, आणि बहुतेक वृद्धाश्रमांतली. लाट पसरली क्वारंटाइन हॉटेलांतून. तिथे खाजगी सुरक्षारक्षक नेमण्याचा निर्णय नेमका कुणाचा, हे राज्याने केलेल्या वेगळ्या चौकशीतसुद्धा निघालं नाही. तो दोष राज्य सरकारचा, मी झाकत नाही. पण त्यानंतर ११२ दिवस या शहराने घरात बसून ती लाट मोडली. २६ ऑक्टोबरला नवे रुग्ण शून्य, मृत्यू शून्य. तेव्हा लस नव्हती. आमच्याकडचे उरलेले आजी-आजोबा लस मिळेपर्यंत जगले ते त्यामुळे.

अँड्र्यूज सलग १२० दिवस पत्रकारांसमोर उभा राहिला. रात्रपाळीहून आले की ते बघूनच मी झोपायचे. सगळी उत्तरं पटायची असं नाही, पण उत्तर द्यायला समोर कुणीतरी होतं.

अनघा

प्रेषक: मुकुंदकाका
सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

अनघा, पत्रकारांना उत्तर मिळालं, टॉवरमधल्या लोकांना मिळालं का? ४ जुलै २०२०, शनिवारची दुपार. मेलबर्नमधल्या सरकारी घरांच्या नऊ उंच इमारती, तीन हजार माणसं. घोषणा झाली आणि त्याच क्षणापासून दारं बंद, खाली पोलीस. सामान भरायलाही वेळ दिला नाही. हा मानवी हक्कांचा भंग होता, असं डिसेंबरात राज्याच्या लोकपालांनी सांगितलं. सरकारने माफी मागितली नाही.

प्रशांत, तू परवा पुण्याच्या प्लेगमधल्या रँडचं नाव घेतलंस, ते मला जड वाटलं. १८९७ साली पुण्यात सोल्जर घरात, देवघरात घुसत होते. तसं इथे झालं नाही. पण प्लेगही खरा होता आणि बंदोबस्तही हवाच होता. तरी लोक आजारी माणूस लपवून ठेवायचे, ते झडतीच्या धास्तीने. तेवढं लक्षात घ्या.

प्रेषक: प्रशांत
सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

काका, रँडचं मागे घेतो. ताई, सीमा बंद केली ते चूक, असं मी म्हणतच नाही. क्वारंटाइनच्या खोल्या मोजक्याच होत्या, हेही मान्य. त्या कुणाला दिल्या, एवढंच मी विचारतोय. आई चौदा दिवस खोलीत बसायला तयार होती, पैसे मी भरणार होतो. आमचा दुसरा अर्ज फेटाळला त्याच जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनसाठी हजारावर खेळाडू आणि त्यांची माणसं मेलबर्नच्या हॉटेलांत क्वारंटाइनला होती.

पुढे १ नोव्हेंबर २०२१ पासून आई-वडील ‘इमिजिएट फॅमिली’ झाले. व्याख्या तेवढी बदलली. ते पहिल्याच महिन्यात करता आलं असतं. पण मॉरिसनला जाब विचारायचा कुठे? त्याने पाच खाती गुपचूप आपल्याकडे घेतली होती, पहिलं आरोग्य, आणि ते उघड झालं ऑगस्ट २०२२ मध्ये. संसदेलाही पत्ता नव्हता.

मंडळाने केंद्राला पत्र लिहावं, असं मला वाटतं. पुढच्या साथीत सीमा बंद करावी लागली तर आई-वडील पहिल्या दिवसापासून कुटुंबात धरा, एवढीच मागणी. उद्या मेलबर्न कपच्या घोड्यांच्या शर्यतीची सुट्टी आहे, मसुदा लिहून टाकतो. ज्यांच्याकडे नकाराची पत्रं आहेत त्यांनी कळवा.

प्रेषक: अनघा
सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

माझी सही धर. फक्त लॉकडाउन चुकीचा होता असं एकही वाक्य त्यात नको, असेल तर माझं नाव काढ. आणि आई-वडिलांच्या पुढे सासू-सासरे हेही स्पष्ट लिही. माझ्या सासूबाईंचा अर्ज दोनदा परत आला होता. दोन्ही पत्रं आहेत माझ्याकडे, उद्या स्कॅन करून पाठवते.