निपाणीच्या आजींवरून आमची आज्जी आठवली

निपाणीच्या आजींनी विड्या वळून चार पोरं शिकवली, हे वाचलं आणि आमची खानापूरकडची आज्जी डोळ्यांसमोर उभी राहिली. 92 वर्षं जगली. 1956 साली बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तिची चूल आणि भाताची खाचरं जिथल्या तिथंच. बाजारापुरतं कानडी ती बोलायची, पण रडली-रागावली ती मराठीतच.

इरलं पांघरून दिवसभर रोप लावायची. रात्री पायाच्या बोटांतल्या चिखल्यांवर कोमट तेल सोडताना दात आवळून गप्प बसायची, तो चेहरा अजून विसरत नाही. पहाटे पुन्हा शेतात!

शेवटी नजर गेली, तरी सूप मागून घ्यायची. तांदळातला खडा नुसत्या बोटांनी ओळखायची.