गेममधला ‘दादा’ मुलाला फोटो मागतोय, कुठे जायचं?

जुळे_सोलापूरची_आई:
मुलगा सातवीत आहे. यजमान अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, मी दिवसभर दुकानात. दुपारी तो माझ्या जुन्या मोबाईलवर गेम खेळतो. तिथे एका ‘दादा’ने त्याला डायमंड (गेममध्ये वस्तू घ्यायला लागणारं चलन) दिले, मग व्हॉट्सॲप नंबर घेतला. गड्ड्याच्या यात्रेतला फोटो मागितला, तो याने पाठवला. परवा मेसेज आला, ‘शर्ट काढून फोटो पाठव, आईला सांगू नको.’ पोरगं घाबरून माझ्याकडे आलं. यजमान म्हणतात, मोबाईल फोडून टाकतो. शाळेत विचारलं तर म्हणाले, हे शाळेबाहेरचं आहे. कुठे जाऊ?

संगणकाच्या_बाई:
ताई, तो स्वतःहून तुमच्याकडे आला, हे फार मोलाचं आहे. आधी यजमानांना थांबवा. मोबाईल फुटला तर पुरावा जाईल आणि पुढच्या वेळी पोरगं तोंड उघडणार नाही. माझ्या वर्गातली मुलं सांगतात, ‘बाई, घरी बोललं की मोबाईल जातो.’ ‘आईला सांगू नको’ म्हणणारा माणूस याच भीतीच्या जोरावर पुढे सरकतो.

आज रात्रीच स्क्रीनशॉट काढा. त्याचा नंबर, गेममधलं नाव आणि आयडी, डायमंड आल्याची नोंद, मेसेजची तारीख-वेळ सगळं दिसलं पाहिजे. चॅट पुसू नका. मुलाच्या नावाने त्याला उत्तरं देत बसू नका. हे झालं की मग ब्लॉक.

तक्रारीसाठी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. नाव न देताही तक्रार करता येते, पण नाव दिलंत तर पुढे काय झालं ते बघता येतं. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन. 1930 मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. आपल्या शहराच्या पोलीस आयुक्तालयाचं सायबर ठाणं आहेच. जवळच्या ठाण्यात गेलात तरी चालतं.

पोक्सो, म्हणजे मुलांवरचे लैंगिक गुन्हे रोखणारा कायदा, फक्त मुलींसाठी, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. 2012 चा हा कायदा 18 वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. मुलाचा जबाब घरी घेता येतो, आणि घेणारा पोलीस गणवेशात नसावा असं कायद्यातच आहे. त्यामुळे पोराला पोलिसांची धास्ती घालू नका. असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं शाळेवरही बंधनकारक आहे. ‘शाळेबाहेरचं’ म्हणून हात झटकता येत नाहीत. मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या.

पूर्वभाग_बाबा:
बाईंनी सांगितलं ते बरोबर आहे बघा. आमच्या घरी गेमचं चॅट बंद करून ठेवलंय, सेटिंगमध्येच मिळतं. व्हॉट्सॲपमध्ये ‘ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं’ तिथं फक्त ओळखीचे ठेवलेत. रात्री सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, माझासुद्धा. माझा बाहेर राहिला तर पोरं ऐकत नाहीत की.

जुळे_सोलापूरची_आई:
बाई, यजमानांना वाचून दाखवलं. स्क्रीनशॉट त्यांनीच काढले. आता पोरगं विचारतंय, त्याने माझा फोटो कुठे टाकला तर?

संगणकाच्या_बाई:
त्याला सांगा, तो अंगभर कपड्यांतला यात्रेतला फोटो आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कुठे दिसलाच तर त्या ॲपवर रिपोर्ट करा आणि तक्रारीत जोडा. आणि हे कोणत्याही आईवडिलांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते: अल्पवयीन मुलाचा कपड्यांविना फोटो गेलाच असेल तर ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. फोटो आपल्या मोबाईलमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा तयार होतो, आणि सेवेत सामील असलेल्या कंपन्या त्यावरून तो शोधून काढून टाकू शकतात.

ठाण्यात जाताना मुलाच्या वयाचा दाखला बरोबर ठेवा. काही अडलं तर इथेच लिहा, मी रोज रात्री बघते.