ओल्या रस्त्यावर ब्रेक पायाखाली थरथरतो : एबीएसच्या गाडीत पाय दाबून ठेवायचा की सोडायचा?

साखळीकर:
नमस्कार मंडळी. मुलगी नोकरीसाठी रोज साखळीहून पर्वरीला गाडी घेऊन जाते. परवा संध्याकाळी पावसात कारापूरपाशी वळणावर गुरं बसलेली होती. तिने जोरात ब्रेक मारला, तर पेडल पायाला धक्के द्यायला लागलं आणि खालून करकर आवाज आला. गाडी थांबली, गुरंही वाचली. पण पोर घाबरली, ब्रेकच गेले असं तिला वाटलं. मी मारुती ८०० वर शिकलो. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबायचा-सोडायचा, दाबायचा-सोडायचा, हेच आमच्या अंगवळणी पडलेलं. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने तिलाही तेच शिकवलंय. शोरूममधला मुलगा म्हणतो, पाय अजिबात उचलायचा नाही. कुणाचं खरं मानायचं? आणि एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) असलं की गाडी लवकर थांबते, हे तरी खरं ना?

फोंड्याचा मेस्त:
साखळीकर बाब, ब्रेक गेले नव्हते. ती थरथर म्हणजे एबीएस कामाला लागल्याची खूण. मुलीला आधी हे सांगा, कारण याच क्षणी माणूस दचकून पाय उचलतो आणि तिथेच घात होतो.

आत काय होतं ते सांगतो. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो, तो चाकाचा वेग मोजतो. ब्रेक मारल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा एकदम मंदावलं, म्हणजे ते आता जाम होणार, हे कॉम्प्युटरला कळतं. तो त्या चाकाचा दाब क्षणभर कमी करतो आणि लगेच पुन्हा वाढवतो. हे सेकंदाला दहा-पंधरा वेळा चालतं, ज्या चाकाला लागेल त्याच्यापुरतं. झडपांची ती उघडझाप ब्रेक ऑइलमधून पेडलपर्यंत येते, आणि करकर आवाज त्यांचा आणि पंपाचा.

तुमची दाबा-सोडा पद्धत जुन्या गाडीला बरोबरच होती. चाक जाम होऊ नये म्हणून तुम्ही पायाने तेच करत होता. पण पाय चारही चाकांना एकच हिशेब लावतो, आणि कितीही सराव असला तरी सेकंदाला दोन-तीन वेळांच्या पुढे जात नाही. एबीएसच्या गाडीत पाय उचलला की मिळालेला दाब जातो, आणि तेवढे मीटर गाडी फुकट पुढे सरकते. शोरूममधला मुलगा बरोबर सांगतो. पूर्ण जोराने दाबायचा आणि गाडी थांबेपर्यंत दाबूनच ठेवायचा.

आता लवकर थांबण्याचं. एबीएसचा खरा उपयोग स्टिअरिंगसाठी आहे. पुढची चाकं जाम झाली की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच घसरत जाते. चाक फिरत असेल तरच ते वळवतं. म्हणजे ब्रेक दाबलेला ठेवून मुलगी गुरांच्या बाजूने गाडी काढू शकते, आणि हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. १९७८ साली बॉशने मर्सिडीजच्या एस-क्लासला एबीएस दिलं, तेव्हापासून मूळ गोष्ट हीच. ओल्या डांबरावर बहुतेक वेळा अंतरही कमी होतं. सुट्या खडीवर मात्र उलट. जाम झालेलं चाक आपल्यापुढे खडीचा ढीग लोटतं आणि त्याला अडून थांबतं. एबीएस चाक फिरतं ठेवतं, त्यामुळे ढीग होत नाही आणि गाडी जास्त पुढे जाते. सत्तरी-डिचोलीत कितीतरी घरांच्या वाटा अशाच, चिऱ्याचा चुरा आणि बारीक खडी. पावसात ती वाहून वळणावर डांबरावर येते. तिथे वेग आधीच कमी हवा.

टायर गुळगुळीत असेल तर एबीएस काय करणार? पकड रबराची, एबीएस ती फक्त नीट वापरून देतं. टायरच्या नक्षीची खोली झिजून १.६ मिमीच्या खाली गेली की कायद्यानेच तो बाद. आपल्या पावसाला मी तेवढी वाटही बघू देत नाही, गिऱ्हाइकाशी भांडून आधीच बदलायला लावतो.

दाबोळी टॅक्सी:
मेस्तांचं पटलं. एक भर घालतो. म्युनिकमध्ये १९८० च्या दशकात एबीएस असलेल्या आणि नसलेल्या टॅक्सींवर अभ्यास झाला होता. एबीएसवाल्यांचे अपघात कमी झाले नाहीत, कारण ते पुढच्या गाडीला जास्त चिकटून आणि जोरात चालवू लागले. आपल्या हायवेवर रोज हेच दिसतं. ताशी ८० ला एका सेकंदात गाडी २२ मीटर जाते, ब्रेकवर पाय पडण्याआधीच. आणि ४० ला जेवढ्या अंतरात ब्रेकने थांबते, त्याच्या चौपट अंतर ८० ला लागतं. एबीएस हा हिशेब बदलत नाही. मुलीला अंतर ठेवायला शिकवा.

साखळीकर:
दोघांचेही आभार. रविवारी तिला रिकाम्या जागी सराव द्यावा म्हणतो. पण कालपासून डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागलाय. गाडी चालवावी का?

फोंड्याचा मेस्त:
सराव जरूर द्या, पण दिवा विझल्यावर. रस्ता ओला आणि मोकळा हवा, मागे कुणी नको, वेग ३०-४०. तिला स्वतः पूर्ण जोराने ब्रेक मारू दे. दोन-तीनदा ती थरथर पायाला कळली की भीती जाते.

नुसता पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक चालू आहेत, एबीएस बंद. तोपर्यंत तुमची जुनी दाबा-सोडा पद्धतच लागू, आणि वेग बेताचा. पावसाळ्यात माझ्याकडे अशा गाड्या येतात तेव्हा बहुधा सेन्सरवर चिखल साचलेला असतो, वायर तुटलेली असते किंवा सेन्सर जिच्यावरून वेग मोजतो त्या रिंगला गंज धरलेला असतो. स्कॅनर लावून कोणतं चाक ते बघायचं. पूर्ण युनिट बदला असं कुणी सांगितलं तर आधी सेन्सर साफ करून घ्या. ब्रेक ऑइल कधी बदललं तेही बघा. ते हवेतली ओल ओढून घेतं, आपल्याकडे दोन वर्षांच्या वर ठेवू नये.

पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी हलवू नका. टो करून आणा.