शेजारच्या शेततळ्याचा बांध फुटला, भरपाई मागता येईल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या वरच्या अंगाला शेजाऱ्यांचं शेततळं आहे. गेल्या महिन्यात रात्री त्याचा बांध फुटला आणि सगळं पाणी आमच्या कांदाचाळीत शिरलं. सकाळी खालच्या थरातला कांदा हातात घेतला तर बोटं आत रुतत होती. तलाठ्यांनी पंचनामा केलाय, फोटोही आहेत. शेजारी म्हणतात, "बांध घुशींनी पोखरला, माझी काय चूक?"

माझी लेक लॉ करते. तिने रायलँड्स विरुद्ध फ्लेचर हा १८६८ चा इंग्लंडचा निकाल दाखवला. तिथेही तळ्याचंच पाणी जुन्या बुजलेल्या वाटांनी शेजारच्या कोळसा खाणीत गेलं होतं. मालकाचा स्वतःचा हलगर्जीपणा नसतानाही तो जबाबदार धरला गेला. वाचून धीर आला.

पण १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजांच्या काळात भारतातल्या खटल्यांचं लंडनमधलं शेवटचं अपील न्यायालय) मद्रास रेल्वेच्या खटल्यात उलट ठरवलं. अतिवृष्टीने जमीनदाराचे जुने तलाव फुटून रेल्वेचे पूल वाहून गेले, तरी तो सुटला, कारण सिंचनाचे तलाव राखणं हे त्याचं कर्तव्यच मानलं गेलं.

माझा प्रश्न इथेच अडलाय. ते तलाव पिढ्यान् पिढ्या गावांचे होते, हे शेततळं एकाच्या फायद्याचं, आणि त्या रात्री पाऊसही नव्हता. मग कोणता निकाल लागू होईल? की घुशींची बिळं दिसत असूनही बुजवली नाहीत, हा हलगर्जीपणाच सिद्ध करावा लागेल? दिवाणी दावा लढवलेल्या कुणी कृपया सांगा. शेजाऱ्यांशी तीस वर्षांचा घरोबा आहे, आधी नोटीस पाठवावी की गावातच बसून बोलावं?