समुद्रकिनारा असूनही हिवाळा इतका कडक कसा?

प्रश्न
पाणी जमिनीपेक्षा सावकाश तापते व सावकाश निवते, म्हणून किनाऱ्यावरचे हवामान सम आणि खंडांतर्गत भागातले विषम असते, हे आपण सर्वांनीच वाचलेले आहे. फेरो बेटांवरील तोर्शाव्हन आणि सायबेरियातील याकुत्स्क ही दोन्ही ठिकाणे सुमारे ६२ अंश उत्तर अक्षवृत्तावर असूनही जानेवारीचे सरासरी तापमान पहिल्या ठिकाणी ४ अंश सेल्सिअसच्या आसपास, तर दुसऱ्या ठिकाणी उणे ३५ अंशांहूनही खाली असते; इथपर्यंत नियम पटतो. परंतु रशियाच्या पूर्व किनाऱ्यावरचे व्लादिवोस्तोक हे बंदर ४३ अंशांवर असूनही तिथे जानेवारीची सरासरी सुमारे उणे १२ अंश कशी?

प्रतिसाद १
व्लादिवोस्तोककडे वळण्याआधी त्या नियमाविषयी थोडे. पाण्याची विशिष्ट उष्मा (म्हणजे ठरावीक वजनाचा पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) खडकाच्या सुमारे पाचपट असते, हे खरे. पण तो हिशेब वजनाचा आहे. समान घनफळ घेतले, तर फरक साधारण दुपटीवर येतो, आणि एवढ्याने ऋतूंची धार बोथट होणार नाही. माझ्या मते निर्णायक गोष्ट खोली ही आहे. जमिनीत उष्णता केवळ वहनाने उतरते आणि दहा-पंधरा मीटरांखाली ऋतुबदल जवळजवळ जाणवत नाही. समुद्रात मात्र वारा आणि लाटा अनेक दशक मीटर जाडीचा थर घुसळत राहतात. शिवाय हिवाळ्यात निवलेले पाणी जड होऊन खाली जाते व त्याच्या जागी खालचे उबदार पाणी वर येते, त्यामुळे उन्हाळ्यात साठवलेली उष्णता महिनोन्‌महिने हवेला मिळत राहते. उन्हाळ्यात बाष्पीभवनही बरीच उष्णता खर्ची घालते.

प्रतिसाद २
आता मूळ शंका. समुद्र किती जवळ आहे, यापेक्षा वारा कुठून येतो हे महत्त्वाचे. हिवाळ्यात सायबेरियावर जास्त दाबाचे क्षेत्र तयार होते आणि तिथली थंड, कोरडी हवा समुद्राकडे वाहते, म्हणून व्लादिवोस्तोकला समुद्र शेजारी असूनही हवा खंडाच्या पोटातली मिळते. जवळपास त्याच अक्षवृत्तावरील स्पेनमधील ला कोरुन्या येथे पश्चिमी वारे अटलांटिकवरून येतात व जानेवारीची सरासरी १० अंशांच्या आसपास राहते. पर्वतांची दिशाही विसरू नये: उत्तर अमेरिकेत पश्चिम किनाऱ्याला समांतर रांगा सागरी हवा लगेच अडवतात, तर उत्तर युरोपच्या सपाट मैदानांत ती दूरवर आत शिरते.

प्रश्नकर्ता
म्हणजे किनारा हा शब्दच फसवा आहे! मग सर्वांत उष्ण महिनाही वाऱ्यानुसार सरकतो का?

प्रतिसाद २
होय. खंडांतर्गत भागात तो बहुधा जुलै असतो, म्हणजे २१ जूननंतर महिनाभराने. पॅसिफिकची हवा मिळणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोत मात्र सप्टेंबर उजाडतो; तिथे उन्हाळ्यात खोलवरचे थंड पाणी वर येते, हेही त्यामागे आहे.

प्रतिसाद १
एक पुरवणी: समुद्र गोठला की बर्फाचा थर पाण्याची ऊब हवेपर्यंत फारशी पोहोचू देत नाही, आणि तेवढ्या काळापुरता तो समुद्र हवेच्या लेखी बर्फाच्छादित जमिनीसारखाच वागतो.